‘चकती काढून डायोड टाकला’

* ‘चकती काढून डायोड टाकला, तेव्हा शिटी वाजली’ : लेखकाने एका वाक्यात उरकलेली ही गोष्ट थोडी उलगडायला हवी. लायनेल या अमेरिकी कंपनीच्या जुन्या खेळगाड्या एसीवर धावतात. इंजिनामागच्या टेंडरमध्ये शिटीचा रिले असतो (१९३५ पासून). तो एसीला दाद देत नाही. रुळांतून थोडा डीसी आला की ओढला जातो आणि शिटीची मोटर फिरते. हा डीसी पुरवते ट्रान्सफॉर्मरमधली रेक्टिफायर चकती. ती जुनी झाली की डीसी तुटपुंजा पडतो. शिटी राहते बाजूला, गाडीच मंदावते. सिलिकॉन डायोडने हे दुखणे जाते, मात्र तो भरपूर अँपिअरचा आणि पत्र्याला घट्ट कसलेला हवा. ट्रान्सफॉर्मरवरच्या शिटीच्या लिव्हरला दोन टप्पे असतात : पहिल्यात रिले ओढण्यापुरता जोरकस डीसी, दुसऱ्यात तो धरून ठेवण्यापुरता. दुसऱ्या टप्प्याची रेझिस्टन्स तार ‘नकोच ही’ म्हणून कापून टाकणारे महाभागही असतात!

वर्सोव्यासारख्या समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत लिव्हरच्या संपर्कपट्ट्यांवर गंज लवकर चढतो, म्हणून डायोड आणण्याआधी त्या घासून पाहाव्यात. घरची वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. खेळगाडीचा ट्रान्सफॉर्मर ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झचा. स्टेप-डाऊनने व्होल्ट निम्मे होतात, हर्ट्झ तेच राहतात आणि या ट्रान्सफॉर्मरचा गाभा जास्त तापतो. पुढच्याच ओळीतले ‘तासाभराने बंद करायचो’ ते यामुळे. – संपा.