दोन चित्रांमधील अंतर

हलत्या चित्रांत खरोखर हलणारें असें एकहि चित्र नसतें. प्रत्येक चित्र आपल्या जागीं स्थिरच असतें. एकामागून दुसरें किती वेळानें पुढें येतें, यावर त्या मालिकेचें चैतन्य अवलंबून असतें. म्हणून हलत्या चित्रांचा इतिहास हा पुष्कळ अंशीं या अंतराच्या हिशेबाचाच इतिहास होय.

बेल्जमचे पदार्थविज्ञानवेत्ते जोसेफ प्लॅटो यांनीं १८३२ सालीं एक चकती तयार केली. तिच्यावर एकाच नर्तकाच्या क्रमाक्रमानें बदलणाऱ्या आकृति काढल्या होत्या व कडेला बारीक फटी पाडल्या होत्या. चकती आरशासमोर फिरवून फटींतून पाहिलें, कीं नर्तक गिरकी घेऊं लागे. ती फार सावकाश फिरविली तर आकृति सुट्या सुट्या दिसत. बेताची गति कोणती, तें हातानेंच अनुभवानें ठरवावें लागे.

पुढें १९०८ सालीं फ्रेंच व्यंगचित्रकार एमिल कोल यांनीं सुमारें ७०० चित्रांतून ‘फँटास्मागोरी’ हा छोटा पट निर्माण केला. प्रत्येक चित्राचें छायाचित्र त्यांनीं दोनदां घेतलें. रेखाटनाचे श्रम त्यामुळें निम्म्यानें वांचले आणि डोळ्यांस उणीव भासली नाहीं.

महाराष्ट्रांत या हिशेबावर एका धंद्याचें भवितव्य अवलंबून राहिलें. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनीं १९१२ सालीं विमापत्रें गहाण टाकून विलायत गांठली, तेथें माहिती मिळविली व विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी केला. विद्या आली, यंत्र आलें; परंतु चित्रपटासाठीं भांडवल कोण देणार? नुसत्या शब्दांवर पैसा मिळण्याजोगा तो धंदा नव्हता.

फाळक्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा मांडला आणि ठराविक अंतरानें चित्रें घेण्यास आरंभ केला. त्या काळीं पडद्यावर सेकंदास साधारण १६ चित्रें जात, म्हणजे मिनिटास ९६०. एका महिन्याची वाढ एका मिनिटांत दाखवावयाची, तर दिवसाकाठीं सरासरी ३२ चित्रें लागतात. अंतर फार ठेवावें, तर अंकुर झटके देत वाढतो. फार थोडें ठेवावें, तर महाग फिल्म नाहक खर्ची पडते. मध्येंच कुंडी किंवा कॅमेरा तिळभर सरकला, तर मागचे सारे दिवस वायां जातात.

‘अंकुराची वाढ’ हा चिमुकला पट सिद्ध झाला. तो पाहून छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंत नाडकर्णी यांनीं कर्ज देऊं केलें; सरस्वतीबाईंनीं आपले दागिनेहि पुढें केले. त्यांतूनच ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहांत लोकांसमोर आला.

बोलपटाबरोबर सेकंदास २४ चित्रें हा प्रघात पडला. संगणकावरील ‘जिफ’ हा चित्रप्रकार १९८७ सालीं निघाला. १९८९ च्या सुधारित रूपांत प्रत्येक चित्रास सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजलेलें स्वतंत्र अंतर नेमून देण्याची सोय झाली. प्लॅटोच्या चकतीवर जें हाताच्या अंदाजानें होई, तें आकड्यानें होऊं लागलें. तो आकडा मात्र अजूनहि डोळ्यांनीं पाहून, पुनः पुनः बदलूनच बसवावा लागतो. कुंडीसमोर बसलेल्या फाळक्यांची सुटका यंत्रानें केली नव्हती, तशी ती आजहि कोणाची होत नाहीं.