ठाण्यास जाणाऱ्या पाहुण्यासाठी

ठाण्याला मुंबईचे उपनगर म्हणण्याची आपल्याला इतकी सवय जडली आहे की, हे उपनगरपण किती जुने, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. मुंबई सात बेटांत विखुरलेली होती तेव्हा श्रीस्थानक हे शिलाहार राजांचे नांदते नगर होते. अरिकेसरी राजाचा शके ९३९, म्हणजे इ. स. १०१७ चा ताम्रपट १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना सापडला. त्यात या नगराचे नाव आहे. मार्को पोलोच्या वृत्तांतात तर ठाण्याच्या राज्याला स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. तेव्हा पाहुण्याने गाडीतून उतरताना एवढे मनाशी धरावे की, आपण थोरल्या गावाच्या धाकट्या वस्तीत नव्हे, तर धाकट्या गावाच्या थोरल्या शेजाऱ्याकडे आलो आहोत.

हे थोरलेपण खाडीने दिले. साष्टी बेट आणि देश यांच्यामधली ही पाण्याची वाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती साष्टी. म्हणूनच पोर्तुगीजांनी येथे किल्ला बांधावयास घेतला. तो पुरा होण्याआधीच, १७३७ च्या मार्चमध्ये, मराठ्यांनी घेतला, आणि चिमाजी अप्पांच्या त्या मोहिमेचा शेवट दोन वर्षांनी वसईत झाला. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो मराठ्यांकडून घेतला. आज तेथे मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे पाहुण्याला तट बाहेरूनच पाहावे लागतात. पण बाहेरून पाहतानाही दोन गोष्टी विसरू नयेत. गंगाधरशास्त्र्यांच्या खुनाबद्दल येथे कैदेत ठेवलेले त्रिंबकजी डेंगळे १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री येथूनच निसटले. घोड्याच्या मोतद्दाराने खिडकीखाली गाणी म्हणत म्हणत त्यांना निरोप पोचवला आणि पहाऱ्यावरच्या गोऱ्यांना त्यातले अक्षर कळले नाही, अशी कथा सांगतात. दुसरी गोष्ट अशी की, नाशिकच्या नाटकगृहात जॅक्सनचा वध करणारे अनंत कान्हेरे आणि त्यांचे साथी कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी याच तटांआड फाशी दिले.

मग खाडीचे महत्त्व ओसरले कसे? एकदम नव्हे. १८०५ साली शीवचा बांध पुरा झाला, मुंबई साष्टीला जोडली गेली आणि जमिनीच्या वाटेने ये-जा सोपी झाली. खरा घाव घातला तो आगगाडीने. १६ एप्रिल १८५३ रोजी, शनिवारी दुपारी, चौदा डबे आणि सुमारे चारशे निमंत्रित घेऊन पहिली गाडी बोरीबंदराहून निघाली ती ठाण्याला येऊन थांबली. हे अंतर एकवीस मैलांचे. साहिब, सिंध आणि सुलतान ही त्या तीन इंजिनांची नावे. ठाणेकर या दिवसाचा अभिमान बाळगतात आणि तो योग्यच आहे. मात्र आमच्या मते उपनगरपणाचा जन्मही त्याच दुपारी झाला. गाडी ठाण्याला येऊन थांबली खरी, पण पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ ला, रूळ खाडी ओलांडून कल्याणला पोचले. ज्या पाण्यासाठी लढाया झाल्या, ते आता खिडकीतून पाहावयाचे दृश्य उरले.

आज पाहुण्याची सोय मोठी आहे. मुंबईकडून आणि कल्याणकडून धिम्या-जलद गाड्या आहेत, २००४ पासून वाशीकडेही लोकल जाते. फक्त सकाळी मुंबईच्या दिशेने आणि संध्याकाळी कल्याणच्या दिशेने सामान घेऊन चढण्याचे धाडस करू नये. स्टेशनाच्या पश्चिमेला बाहेर पडले की मासुंद्याचा तलाव चालत जाण्याजोगा आहे. त्याच्या काठचे कोपीनेश्वराचे देऊळ सुमारे १७६० मध्ये साष्टीचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी बांधविले. जवळच जांभळी नाका, तेथली बाजाराची गर्दी पाहून घ्यावी.

आता रात्रीविषयी. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेच्या हद्दीत १८ लाख ४१ हजारांवर माणसे होती. त्यांतली फार मोठी संख्या सकाळी मुंबई गाठते. म्हणजे ठाणेकर ठाण्यात सापडतो तो रात्रीच, आणि म्हणून गाव पाहावे तेही रात्रीच. घोडबंदर रस्त्यावरची मद्यगृहे आणि उपाहारगृहे यांची जंत्री आम्ही देत नाही. ती कोणत्याही शहरात सारखीच असतात, आणि त्यांच्या पाट्या फार लवकर बदलतात. पाहुण्याने तलावपाळीवर यावे. दिवसभर लोंबकळून आलेला माणूस येथे मुलांना घेऊन भेळ खात फिरतो, म्हातारे कठड्यावर बसतात. समोरच राम गणेश गडकरी रंगायतन आहे, १९७८ साली उघडलेले. शनिवार-रविवारी रात्री साडेआठच्या सुमाराला घंटा झाली की नाटक सुरू होते. तिसऱ्या घंटेआधी येणाऱ्यांपेक्षा शेवटच्या पडद्याआधी उठणारे लोक आम्हांला अधिक कळतात. त्यांना शेवटची लोकल गाठावयाची असते. येथला रात्रीचा कार्यक्रम वेळापत्रकाला धरून चालतो.

वर्षातून काही रात्री मात्र हे वेळापत्रक कोणी मानीत नाही. नवरात्रात टेंभीनाक्याच्या देवीला रीघ लागते. दिवाळीच्या पहाटे तर तरुण मुलेमुली नवे कपडे घालून अंधारातच तलावपाळीवर आणि राममारुती रस्त्यावर जमतात, आणि उजाडेपर्यंत पाऊल टाकावयास जागा राहत नाही. त्या दिवशी जावयाचे असेल तर पहाटेची पहिली लोकल धरावी.