कुत्र्याला कच्चं मांस, घरचं शिजवलेलं की पाकिटातलं? ठरवण्याआधी हिशेब समजून घ्या

कुत्रा पाळणाऱ्यांना हल्ली दोन टोकांचे सल्ले मिळतात. दुकानदार म्हणतो, पाकिटातलं घाला, बाकी काही नको. मोबाईलवरचा व्हिडिओ म्हणतो, कुत्रा मूळचा लांडगा, त्याला कच्चं मांस आणि हाडं द्या. आणि बेळगाव असो, इंदूर असो की बडोदा, बऱ्याच मराठी घरांत कुत्र्याच्या ताटलीत पडतं ते तिसरंच : दूध-चपाती, वरण-भात आणि रविवारी मटणाची हाडं.

वाद कच्चं की शिजवलेलं असा घातला जातो, पण खरी अडचण वेगळी आहे. रोजच्या खाण्यात कॅल्शियम, जस्त, आयोडीन, ड जीवनसत्त्व किती जातं, याचा हिशेब कोणीतरी ठेवावा लागतो. चांगल्या पाकिटात तो कारखान्याने ठेवलेला असतो. घरी करायचं तर मालकाला ठेवावा लागतो, आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

तयार खाद्य ही आजकालची गोष्ट नाही. १८६० च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने कुत्र्यांची बिस्किटं विकायला सुरुवात केली. कच्च्या आहाराची आजची लाट मात्र नवी. ऑस्ट्रेलियातील पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांचं १९९३ चं पुस्तक तिच्या मुळाशी आहे. आपल्याकडे ती यूट्यूबवरून आली. तोपर्यंत ‘पेडिग्री’ हा शब्द, डालड्यासारखा, कुठल्याही डॉग फूडसाठी वापरला जाऊ लागला होता.

कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे

लांडग्याचा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण अर्धाच खरा आहे. २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात स्टार्च पचवणाऱ्या एका जनुकाच्या प्रती मोजल्या होत्या. लांडग्यात दोन प्रती, तर कुत्र्यांत चार ते तीस निघाल्या. माणसाच्या सोबतीने राहता राहता कुत्रा धान्य पचवायला शिकला. म्हणजे भाकरी, भात त्याला चालतो; भातावर भागत नाही एवढंच.

‘आमची कुत्री पिढ्यानपिढ्या भाकरीवरच जगली’ हेही सीमाभागात हमखास ऐकू येतं. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाने नावारूपाला आणलेला मुधोळ हाउंड आपल्याच पट्ट्यातला. २००५ मध्ये टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढलं. पण रानात, शेतात मोकळा फिरणारा कुत्रा भाकरीच्या जोडीला उंदीर, घुशी, ससे आणि मेलेली जनावरंही खात असे. फ्लॅटमधल्या लॅब्राडॉरला हे काहीच मिळत नाही. त्याच्यापुढे नुसती भाकरी टाकून जुना दाखला देण्यात अर्थ नाही.

कच्च्या मांसातले धोके

पहिला धोका जंतूंचा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात बाजारातल्या कच्च्या श्वान-मांजर खाद्याचे १९६ नमुने तपासले. त्यांतल्या १५ नमुन्यांत सालमोनेला आणि ३२ नमुन्यांत लिस्टेरिया हे जंतू सापडले. तिथल्या पशुवैद्यकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१२ मध्येच कच्चं मांस घालू नये अशी भूमिका घेतली. हे पॅकबंद, गोठवलेल्या मालाचं झालं. आपल्याकडे चिकन सेंटरमधून पाय-माना आणायच्या, त्याही उन्हातून, हे चित्र डोळ्यापुढे आणा. कुत्रा स्वतः ठणठणीत दिसतो, पण त्याच्या विष्ठेतून हे जंतू बाहेर पडत राहतात. घरात रांगणारं मूल, गरोदर बाई, मधुमेही आजोबा किंवा केमो चालू असलेला माणूस असेल तर त्रास त्यांना होतो.

‘फ्रीजरमध्ये ठेवलं की जंतू मरतात’ हा गैरसमज आहे. थंडीने त्यांची वाढ थांबते, ते मरत नाहीत. त्यात चार तास लाईट गेली की मांस अर्धवट वितळतं आणि पुन्हा गोठतं.

दुसरा धोका आपल्या भागात जास्त महत्त्वाचा आहे आणि इंग्रजी व्हिडिओत त्याचं नावही निघत नाही : हायडॅटिड. बकऱ्या, मेंढ्या, म्हशी यांच्या काळजात आणि फुप्फुसात कधीकधी पाण्याने भरलेल्या पांढरट गाठी असतात. कसाई असं काळीज बाजूला काढतो आणि ते कुत्र्यापुढे पडतं. त्या गाठींतून कुत्र्याच्या आतड्यात काही मिलिमीटरचे पट्टकृमी वाढतात, आणि साधारण सहा-सात आठवड्यांनी त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडू लागतात. अंगणातल्या मातीतून, कुत्र्याच्या केसांवरून, न धुतलेल्या हातातून ती माणसाच्या पोटात जातात. मग माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात तशीच गाठ, वर्षानुवर्षं न दुखता वाढणारी, आणि बऱ्याचदा ऑपरेशनशिवाय न सुटणारी. कुत्र्याला यातलं काहीच जाणवत नाही. म्हणून काळीज, फुप्फुस, वजडी घालायची तर चांगली उकळूनच. आधी कच्चं घातलं असेल तर पट्टकृमीवर चालणारं जंतांचं औषध डॉक्टरांना विचारून सुरू करा. जंतांची प्रत्येक गोळी पट्टकृमीवर चालत नाही.

तिसरी गोष्ट पोषणाची. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळजवळ नाही; प्रमाण पंधरास एक किंवा त्याहून वाईट. पिल्लाला मात्र कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं. ते मिळालं नाही की शरीर स्वतःच्या हाडांतून काढून घेतं. पाय वाकतात, सोफ्यावरून उडी मारली तरी हाड मोडतं. ‘रोज अर्धा किलो चिकन घालतो, तरी असं कसं झालं?’ असं मालक विचारतो; ते नुसत्या चिकनमुळेच झालेलं असतं.

परदेशी पाककृती जशाच्या तशा उचलण्यातही गोम आहे. त्या बहुधा बीफवर बेतलेल्या. गोव्यात ते मिळतं. कर्नाटक, महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेशात गोहत्याबंदीचे कायदे आहेत, म्हणून तिथे चिकन घातलं जातं. पण चिकनमध्ये जस्त आणि लोह बीफपेक्षा कमी, त्यामुळे पाककृतीचं गणितच बदलतं.

हाडांबद्दल थोडक्यात : शिजवलेली हाडं फुटून टोकदार होतात आणि आतडं फाडू शकतात. कच्ची हाडं तेवढी फुटत नाहीत, पण दात तोडतात आणि अडकतातही.

पाकिटावर काय बघायचं

पाकीट निर्दोष असतं असंही नाही. २००७ मध्ये अमेरिकेत चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइनची भेसळ निघाली आणि कोट्यवधी डबे, पाकिटं परत घ्यावी लागली. महाग म्हणजे चांगलं हेही खरं नाही. ‘धान्यविरहित’ म्हणून जास्त दराने विकल्या जाणाऱ्या खाद्यांचा आणि कुत्र्यांच्या एका हृदयविकाराचा संबंध आहे का, याची चौकशी २०१८ मध्ये तिथल्या प्रशासनाने सुरू केली होती.

पाकिटाच्या पुढच्या बाजूचं चित्र सोडा, मागची बाजू वाचा. ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ म्हणजे पूर्ण आहार असं लिहिलंय का, आणि ते पिल्लासाठी आहे की मोठ्या कुत्र्यासाठी, हे आधी बघा. ‘कॉम्प्लिमेंटरी’ किंवा ‘ट्रीट’ लिहिलेलं पूरक असतं, त्यावर कुत्रा पोसायचा नाही. प्रोटीनचे आकडे सरळ ताडू नका. कोरड्या खाद्यात १० टक्के पाणी आणि २४ टक्के प्रोटीन असेल, तर पाणी वजा करून ते साधारण २७ टक्के होतं. डब्यातल्या ओल्या खाद्यात ८० टक्के पाणी आणि ८ टक्केच प्रोटीन दिसलं तरी तोच हिशेब ४० टक्क्यांवर जातो.

दुकानात पोतं फोडून किलोवर विकलं जाणारं सुटं खाद्य टाळलेलं बरं. त्यावर तारीख नाही, बॅच नंबर नाही. पावसाळ्यात, विशेषतः खानापूर-आंबोलीसारख्या भागात, ते ओल धरतं. बुरशी दिसायच्या आधीच तिचं विष तयार झालेलं असू शकतं. मोठं पोतं स्वस्त पडतं म्हणून घेतलं, तरी उघडल्यावर महिना-सव्वा महिन्यात संपेल एवढंच घ्यावं. खाद्य त्याच पोत्यात ठेवून पोतं झाकणाच्या डब्यात ठेवावं.

आणखी एक सवय मोडायला हवी : पूर्ण आहाराचं पाकीट चालू असताना वरून कॅल्शियमची बाटली. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, लॅब्राडॉर अशा मोठ्या जातींच्या पिल्लांना जास्तीचं कॅल्शियमही हाडांचे विकार देतं.

पैशाचं गणित

किलोचा भाव बघून निर्णय फसतो. भाव काढायचा तो हजार कॅलरीला. २० किलोच्या, रोज फिरणाऱ्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण हजार कॅलरी लागतात. कोरडं खाद्य किलोला ३०० रुपये धरलं आणि त्यात ३५०० कॅलरी असल्या, तर दिवसाला २८५ ग्रॅम, म्हणजे सुमारे ८५ रुपये. घरी शिजवायचं तर १०० ग्रॅम तांदूळ, पाव किलो बिनहाडाचं चिकन, एक अंडं, चमचाभर तेल आणि थोडा भोपळा-गाजर. चिकन ३०० रुपये किलो धरलं तर बेरीज नव्वदच्या पुढे जाते. कच्च्या आहारात वजनाच्या दोन-तीन टक्के मांस सांगतात, म्हणजे दिवसाला अर्धा किलो. २२० रुपये दराने ११० रुपये. भाव गावागावांत बदलतील, त्याप्रमाणे आकडे बदलून घ्या. पण ‘घरचं म्हणजे स्वस्त’ हे वरण-भातापुरतंच खरं, आणि वरण-भात हा पूर्ण आहार नाही.

घरीच करायचं असेल तर

घरी शिजवणं चूक नाही. किडनी, यकृत बिघडलेल्या किंवा पाकिटाला तोंडच न लावणाऱ्या कुत्र्यासाठी ते उपयोगीही पडतं. पण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये पुस्तकं आणि संकेतस्थळांवरच्या २०० पाककृती तपासल्या तेव्हा ९५ टक्के पाककृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. वरच्या तांदूळ-चिकनच्या ताटलीतही कॅल्शियम नाही. ते अंड्याच्या कवचाच्या बारीक पुडीतून देता येतं. मोठ्या कुत्र्याला हजार कॅलरीमागे अर्धा चहाचा चमचा. जस्त, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व यांसाठी मात्र डॉक्टरांनी लिहून दिलेली पूरक पावडर लागतेच.

शाकाहारी घरांचा प्रश्न वेगळा नाही. कुत्रा, मांजरासारखा, मांसाशिवाय जगूच शकत नाही असं नाही. पण दूध-चपाती म्हणजे शाकाहारी पूर्ण आहार नव्हे, आणि अनेक मोठ्या कुत्र्यांना दुधाने जुलाब होतात. अशा घरांसाठी पूर्ण आहाराची शाकाहारी पाकिटं बाजारात आहेत. घरच्या जेवणातलं काही द्यायचंच तर फोडणीतला कांदा-लसूण आणि शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याला विषारी ठरतात, हे लक्षात असू द्या. गोव्यात मासळी घालतात ती काटे काढून, शिजवून घालावी. काही माशांत ब-१ जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं, ते शिजवल्यावर निकामी होतं.

पिल्लू, गाभण कुत्री आणि लहान मुलं असलेलं घर इथे पिल्लाचं किंवा मोठ्याचं, जे लागू असेल ते पूर्ण आहाराचं पाकीट हाच सरळ मार्ग. गाभण आणि पाजणाऱ्या कुत्रीलाही पिल्लांचंच खाद्य देतात. मोठ्या, निरोगी कुत्र्याला पाकीट आणि थोडं घरचं शिजवलेलं चालतं, पण घरच्याचा वाटा दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांत ठेवावा. खाद्य बदलताना सात ते दहा दिवस जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत जावं. त्या काळात उलटी, जुलाब झाले आणि दवाखान्यात जावं लागलं, तर रिकामं पाकीट बॅच नंबरसकट सोबत न्यावं.