पाण्याची वाट

सॅक उतरवा. बूट, गुडघ्याचा पट्टा, हातातली घडीची काठी, सगळं इथेच दगडावर ठेवा. कुंवारी खिंडीच्या वाटेवर रामणीची धार ओलांडून झिंझीकडे उतरताना बिरही गंगेचं खोरं दिसतं ना, तिथेच कुठेतरी आपण उभे आहोत. समोरच्या डोंगराची कूस कुणीतरी खरवडून नेल्यासारखी उघडी पडली आहे. ट्रेकर इथे फोटो काढतात आणि मुक्कामावरच्या चहाच्या ओढीने पुढे निघतात. तुम्ही मात्र थांबा. तो डोंगर खाली का आला, हे मी सांगणार नाही. तो आल्यावर खालच्या माणसांनी दिवस कसे काढले, ते तुम्ही स्वतःच बघा. वर्ष १८९४, श्रावणाचा उत्तरार्ध, आणि गाव चमोली.

आधी आवाज येतो. अलकनंदा इतकी घुमते आहे, की शेजाऱ्याशी बोलायलाही ओरडावं लागतं. मग वास येतो, ओल्या लोकरीचा, बांजच्या लाकडाच्या धुराचा आणि कुठेतरी सांडलेल्या गुळाचा. डोळे सरावले की लक्षात येतं, बाजार आहे पण बाजारात काहीच नाही. दुकानांच्या फळ्या काढून नेल्या आहेत, चौकटी उपटल्या आहेत, छपरावरच्या दगडी पाट्याही उतरवल्या आहेत. एक म्हातारी आपल्या जात्याची वरची तळी पाठीवर बांधून चढण चढते आहे. तिला हात द्यायला तुम्ही पुढे होता, तर ती मानेनेच नको म्हणते. खालची तळी कालच वर गेली आहे.

वर म्हणजे खांबाच्या वर. नदीकाठच्या उतारावर ठराविक अंतराने पक्के खांब बांधलेत. पाणी आलं तर खांबाच्या वर पळायचं, खाली थांबायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पोरांनी त्याचा खेळच केलाय. एक जण ‘आलं, आलं’ म्हणून ओरडतो आणि बाकीचे धापा टाकत खांबाला हात लावायला धावतात. शेवटी पोहोचणारा बुडाला. तुम्हीही धावून बघा. छाती फुटते. खांब वाटतो त्याहून वर आहे.

तुमच्या पाठीवर आता रिंगाळाची कंडी आहे. आत पीठ, मीठ, आणि वरच्या तारघरासाठी रॉकेलचा डबा. अंगावर भांगेच्या धाग्याचं जाडंभरडं कापड, पावसाने भिजून दुप्पट जड झालेलं. नदीवरचे झुलते पूल आधीच सोडवून ठेवलेत, यात्रेकरूंची वाटही नदीपासून वर वळवली आहे. बिरहीच्या तोंडाशी वळलात की दरी एकदम अंगावर येते. गवताच्या प्रत्येक पात्यावर जळवा टोक उंचावून बसल्या आहेत, पोटऱ्यांना मीठ चोळल्याशिवाय पाऊल टाकू नका. उतारावरच्या शेतांत राजगिऱ्याला लाल तुरे यायला लागलेत आणि झंगोरा वाऱ्यावर लवतो आहे. इतकं हिरवं, इतकं लाल, की या सगळ्याच्या डोक्यावर एक तळं लटकलं आहे यावर विश्वास बसत नाही.

पाऊस चढला म्हणून तुम्ही एका ओसरीत शिरता. “बस, भुला,” म्हणत घरातली बाई चुलीपाशी जागा करून देते. भुला म्हणजे धाकटा भाऊ. हातावर मंडुव्याची रोटी येते. घास तोंडात जाताच तुम्ही थबकता, कारण ही आपली नाचणीच की! आणि वाटीतली गरम गथ्वाणी म्हणजे आपल्या कुळथाचं कढण. सह्याद्रीतला माणूस इथे उपाशी राहायचा नाही.

ती बाई सांगते, गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी तोफा डागल्यासारखे आवाज झाले. दगड उडत होते, दिवस असून दिसेना. धूळ मैलोन् मैल पसरली, झाडं बर्फ पडल्यासारखी पांढरी झाली. धूळ खाली बसली तेव्हा नदीच नव्हती. खालच्या अंगाला चिखल उरला होता आणि त्यात तडफडणारे मासे. हे सांगताना तिचा हात पीठ मळतच असतो. वर्षभर भीती बाळगून कुणाला जगता येत नाही. भीतीसुद्धा कामांच्या यादीत जाऊन बसते. जनावरं वर न्यायची, बियाणं वर न्यायचं, तांब्याची भांडी वर न्यायची, आणि मग शेतातलं तण काढायचं.

नदी अडवून बसलेल्या बांधाच्या पायथ्याजवळ एक फकीर कुटुंबासह राहतो. त्याच्या शेकोटीवर तुम्ही हात शेकून घेता. या लोकांना दोनदा उचलून वर नेलं होतं, दोनदा ते परत आले. तुम्ही त्याला म्हणता, चला ना माझ्याबरोबर, कंडीत पोराला घेतो. तो हसतो आणि तुमच्या ओल्या पाठीवर थोपटतो. एवढंच.

आता चढा. हा बांध माणसाने घातलेला नाही. अख्खा डोंगर दरीत बसून तो झाला आहे, नदीच्या पात्रापासून जवळजवळ ९०० फूट उंच. पायाखाली धारदार चुनखडी, मध्येच गुडघाभर राड. वास ओळखीचा आहे, घराला चुना काढताना येतो तोच. घसरत, हात टेकत माथ्यावर पोहोचता आणि समोर तळं. मैलोन् मैल पसरलेलं, हिरवट, गप्प. बुडालेल्या झाडांचे शेंडे काठाकाठाने वर आलेत. आतापर्यंत कानात नदी होती, इथे काहीच नाही. ही शांतता मला पुरापेक्षा भयंकर वाटते.

झोपडीत तारबाबू बसला आहे. तार इथून निघते ती डोंगर उतरत थेट हरिद्वारपर्यंत जाते. पुलफोर्ड नावाच्या इंजिनियरने हे पाणी मोजलं, पावसाचा हिशेब घातला आणि पुढच्या ऑगस्टात तळं भरून वाहील असं आधीच सांगून ठेवलं. क्रुकशँक नावाचा तरुण अधिकारी इथे राहून पातळी बघतो, खाली कळवतो. त्या हिशेबावर गढवालातल्या श्रीनगरपर्यंतच्या माणसांनी आपली घरं सोडली. ज्याने आकडे मांडले तो खरा, आणि ज्या म्हातारीने ते मानून जातं पाठीवर घेतलं तीही तितकीच खरी. दोघांतलं एक जरी नसतं तर काय झालं असतं, हे या डोंगरांनी नंतरच्या काळात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

२५ ऑगस्टची सकाळ. पाणी बांधावरून पहिल्यांदा पलीकडे उतरतं, तुमच्या घोट्याइतकं. खरं सांगू? निराशाच होते. यासाठी वर्षभर वाट पाहिली? पण दुपारपर्यंत त्याने चर पाडलेला असतो आणि संध्याकाळी तो चर पांढऱ्या धुक्यात नाहीसा होतो. आता काही दिसत नाही, फक्त दगड गडगडल्याचे आवाज येतात. अंधार. पाऊस. तारबाबूच्या कळीची टकटक. घोंगडीत तुमच्या शेजारी एक कुत्रं येऊन चिकटतं, तुम्ही त्याला हाकलत नाही.

साडेअकराच्या सुमारास जमीन हलते. आवाज कानांनी ऐकू येत नाही, तो छातीत शिरतो, दातांत शिरतो. आणि भर पावसात, विश्वास ठेवा, तोंडावर धूळ येते. ओल्या हवेतून दरीभर धुळीचा लोट चढतो, जिभेवर चुन्याची चव. कुणीतरी देवाचं नाव घेतंय. बायका पोरांची डोकी मोजतायत, एक, दोन, तीन, पुन्हा पहिल्यापासून. तुम्हीही मोजायला लागता, कुणाची पोरं ते माहीत नसताना. रात्रभर पाणी खाली जात राहतं आणि त्याच्या पुढे तारेतून खबर पळत राहते.

उजाडतं तेव्हा तळं ३९० फूट खाली गेलेलं असतं. सगळं गेलं नाही, तळाशी उरलेल्या पाण्याने १९७०च्या जुलैतल्या पुरापर्यंत तिथे घर केलं. काठावर चिखलाचा रुंद पट्टा, त्यात काळी उभी झाडं. तुम्ही फकिराच्या शेकोटीची जागा शोधता. जागाच नाही. खाली चमोलीचा बाजार नाही, त्याच्याही खाली राजांच्या वेळचं श्रीनगर नाही. त्या एवढ्या लांब नदीकाठावर माणसं गेली ती पाच, तो आणि त्याच्या घरचे.

रिकामी कंडी घेऊन तुम्ही चमोलीच्या वर पोहोचता. चिखलाचा वास, उन्हात वाफाळणारे उतार. म्हातारीने दोन्ही तळ्या एकावर एक मांडल्यात आणि त्यांवर भिजलेलं मक्याचं कणीस वाळत टाकलंय. पोरं पळत खांबाकडे निघाली आहेत. आज शर्यत नाही. उतारावरच्या ओल्या रेघेवर एक जण आडवा पडतो, टाचा रेघेला लावतो आणि दोन्ही हात डोक्यावरून खांबाच्या दिशेला ताणतो. दुसरा त्याच्या बोटांपासून पुढे वीत टाकत मोजायला लागतो.