नाणेघाटातील अंक आणि हातातील सातबारा

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांचा इतिहास म्हटला की किल्ले आणि लेणी यांचेच वर्णन होते. हिशेबाचा इतिहास क्वचितच सांगितला जातो. संगणकाने व मोबाइलने व्यवहाराचे रूप पालटले असता तो ज्ञातिबांधवांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कोकणातील बंदरांचा माल नाणेघाट चढून जुन्नरास येई. तेथील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई व कार्षापण नाणी यांच्या संख्या त्यात ब्राह्मी अंकांत कोरल्या आहेत. दहा, शंभर, हजार यांस स्वतंत्र चिन्हे आहेत. शून्य मात्र नाही. पुढे दगडाची जागा कागदाने घेतली. जुन्नरी कागद दप्तरांत नावाजला. परंतु गिरणीचा स्वस्त कागद येताच तो हातधंदा बसला. साधन बदलले की कोणाची तरी भाकर हालते, हे आपल्या भूमीने पूर्वीच पाहिले आहे.

आजचा संगणक शून्य व एक या दोनच अंकांवर चालतो. २०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि नारायणगाव, मंचरच्या बाजारपेठांतही पैसे मोबाइलवरून फिरू लागले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर आली. पूर्वी ही नोंद तलाठी करीत. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावे व नोंद करावी, अशी योजना आहे. तलाठ्याकडील खेटे वाचले, हा लाभ मोठाच.

तथापि नोंद राहिली, तर उभे पीकही दप्तरी नसल्यासारखे होते, आणि नुकसानभरपाई मागताना अडचण पडते. पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यात संपर्क मिळण्याचीच पंचाईत. शिवाय अनेक घरांतील वडीलधारी माणसे मोबाइल आणि गुप्त क्रमांक दोन्ही परक्याच्या हाती निःशंकपणे देतात, हे आम्ही पाहत आहोत. १८७५ साली याच पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. न वाचता अंगठा उठविल्याचे दुःख त्यामागे होते. गुप्त क्रमांक हा आजचा अंगठाच होय.

म्हणून आमची नम्र सूचना अशी की, शिकलेल्या मुलामुलींनी या दिवाळीच्या सुटीत घरच्या आजी-आजोबांस आपला सातबारा उघडणे, पिकाची नोंद करणे व खात्यातील शिल्लक वाचणे शिकवावे. चार दिवस पुरेत.