निरोधचा इतिहास आणि एक अर्धवट राहिलेला संदेश

सोळाव्या शतकात युरोपात गरमीने म्हणजे सिफिलिसने थैमान घातले होते. इटलीतील शरीररचनातज्ज्ञ फॅलोपिओ यांनी त्यावर तागाच्या कापडाची छोटी पिशवी सुचवली. १,१०० पुरुषांनी ती वापरली, एकालाही गरमी झाली नाही, असा दावा त्यांच्या १५६४ साली छापलेल्या पुस्तकात आहे. आकड्यावर माझा विश्वास नाही, पण विचार अचूक होता: कंडोमची शिफारस आधी झाली ती रोग टाळण्यासाठी.

एकोणिसाव्या शतकात रबराचे कंडोम आले. ते जाड असत. धुऊन पुन्हा वापरत. १९२० च्या दशकात पातळ लॅटेक्स आले. हे मात्र एकदाच वापरायचे.

आपल्याकडे र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. त्या कामापायी प्राध्यापकी सोडावी लागली. १९६८ मध्ये सरकारने ‘निरोध’ आणला. प्रचार कुटुंबनियोजनाचा झाला आणि रोगाची गोष्ट मागे पडली. म्हणूनच आजही रुग्ण विचारतात, “डॉक्टर, ऑपरेशन झालंय, मग निरोध कशाला?” नसबंदीने गर्भ टळतो, एचआयव्ही, गरमी, परमा टळत नाही.

वापरताना मुदतीची तारीख पाहा. संबंधाच्या सुरुवातीपासूनच घाला, टोक चिमटीत धरून हवा काढा. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन नको, त्याने लॅटेक्स फाटते. वीर्यपतनानंतर ताठरता जाण्याआधी, कडेला धरून लिंग बाहेर काढा.