बारोमास

सदानंद देशमुख यांची मराठी कादंबरी. प्रकाशन २००२, काँटिनेंटल प्रकाशन, पुणे; २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार. लेखक बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यातील अमडापूरचे, जन्म १९५९.

रहस्यकादंबरीत प्रेत आधी सापडते, माग नंतर निघतो. इथे क्रम उलटा आहे. एकनाथ तनपुरे एम.ए., बी.एड. झालेला, पण मास्तरकीसाठी संस्थाचालकांना द्यायला पैसा नाही, म्हणून तो शेतीतच अडकतो. वडील सुभानराव, आई शेवंतामाय, शहरी वळणाची बायको अलका आणि धाकटा भाऊ मधू यांच्या धुसफुशीत घर हळूहळू उसवत जाते. अलका अखेर माहेर गाठते. कर्ज, लहरी पाऊस, पडलेला भाव: संशयित पुष्कळ, आणि एकालाही अटक करता येत नाही. संथ गतीबद्दल तक्रार करणारे वाचक आहेत. ती गती वाढवली असती, तर एकेका हंगामाने माणूस कसा खचतो हे दिसलेच नसते.

प्रत्यक्षातला तपास याहून बराच आटोपशीर असतो. शेतकऱ्याने जीव दिला की पोलिसांचा पंचनामा होतो. महसूल यंत्रणा नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा तपासते. मग जिल्हा समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. पात्र ठरल्यास वारसांना १ लाख रुपये. त्यातले ३० हजार हाती, ७० हजार ठेवीत. सातबारा दुसऱ्याच्या नावावर असला किंवा कर्ज सावकाराचे असले, की शोकातल्या घराला कागद जमवत फिरावे लागते. २००६ मध्ये आत्महत्याग्रस्त भागासाठी पंतप्रधानांचे पॅकेज आले, तेव्हा विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत बुलढाणाही होता. कादंबरी त्याआधीच चार वर्षे छापून झाली होती.

शेतकरी आत्महत्येच्या याच विषयाला सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) या चित्रपटाने वेगळी कलाटणी दिली. शेजाऱ्याच्या आत्महत्येनंतर बायको नवऱ्यावर पाळत ठेवते, पोरालाही त्याच्या मागे लावते. गुन्हा घडण्याआधीच हेरगिरी सुरू, आणि तीही प्रेमापोटी. म्हणून त्यातला विनोद बोचतो.

‘बारोमास’वर धीरज मेश्राम यांनी २०१२ मध्ये त्याच नावाचा हिंदी चित्रपट केला, त्यात सीमा बिस्वास आहेत. कथानक हिंदीत तग धरते. घाटावरच्या वऱ्हाडी बोलीतली चिडचिड, टोमणे आणि शिव्या मात्र मूळ पुस्तकातच वाचाव्यात.